घरच्या सुतारकामासाठी वर्कबेंच: लाकूड घट्ट धरणारा बेंच कसा बांधायचा

आपल्याकडचा जुना सुतार जमिनीवर बसून काम करतो. फळीचं एक टोक भिंतीला किंवा खुंटीला टेकवायचं, दुसरं पायाखाली दाबायचं, की रंधा मारायला दोन्ही हात मोकळे. भोक पाडताना लाकूड टाचेखाली घट्ट धरलेलं असतं. उभ्याने काम करणाऱ्याला पायांची ही मदत मिळत नाही आणि तीच कमी वर्कबेंच भरून काढतो. म्हणून बेंच बांधायला घेताना ‘मजबूत टेबल’ हा विचार आधी डोक्यातून काढून टाका. टेबलावर वस्तू ठेवतात, बेंच वस्तू धरतो.

त्यामुळे बेंचची परीक्षाही सोपी आहे. फळी आडवी पडलेली असताना तिच्या तोंडावर (रुंद बाजूवर) रंधा मारता आला पाहिजे, कडेवर उभी असताना कड रंधता आली पाहिजे आणि टोकावर उभी असताना तिथे करवत चालवता आली पाहिजे. या तिन्ही वेळी फळी किंवा बेंच हलला नाही, तर बेंच उत्तम. बाकी खण, हत्यारांच्या खाचा, चाकं हे सगळं नंतरचं.

इथे दिलेला बेंच १५०० मिमी लांब, साधारण ५५० मिमी रुंद आणि ८४० मिमी उंच आहे. फ्लॅटच्या बंद गॅलरीत किंवा तळमजल्यावरच्या अडगळीच्या खोलीत तो मावतो. सगळे सांधे असे घेतले आहेत, की हातात करवत, रंधा, पटाशी आणि ड्रिल एवढंच असलं तरी चालेल. घर बदलताना पाय सुटे करून नेताही येतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी ही गोष्ट मोलाची आहे.

उंची मात्र माझी घेऊ नका. बूट किंवा चप्पल घालून सरळ उभे राहा, हात बाजूला सोडा आणि मनगटाची घडी जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. मुख्यतः हाताने रंधा मारणार असाल तर बेंच त्या घडीपेक्षा दोन-तीन इंच खाली हवा, म्हणजे अंगाचं वजन रंध्यावर पडतं. मशीनचं आणि जोडणीचं काम जास्त असेल तर घडीइतका उंच चालेल. संशय असेल तर उंच ठेवा. पाय नंतर कापता येतात.

लाकूड

स्वस्त आणि सहज मिळणारं म्हणजे पाइन. आयात केलेल्या यंत्रांच्या खोक्यांचं पाइन चाकण, भोसरीसारख्या कारखानी पट्ट्यात जुन्या मालाच्या दुकानांत मिळतं. नवं हवं असेल तर पुण्यातलं भवानी पेठेजवळचं टिंबर मार्केट किंवा मुंबईतला रे रोड आहेच. गावोगावच्या वखारीतही आता आयात पाइन असतं आणि त्यातलं बरंचसं कांडला बंदरातून गांधीधाममार्गे आलेलं असतं. खोक्यांच्या लाकडावर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असलेला शिक्का शोधा. त्यात ‘एचटी’ अशी अक्षरं असली तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेलं आहे (गाभ्यापर्यंत ५६ अंश, ३० मिनिटं). ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूची प्रक्रिया. ते लाकूड घरात नको.

दुसरा पर्याय मला मनापासून आवडतो: पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान. ते शंभरेक पावसाळे खाऊन स्थिर झालेलं असतं. वाकत नाही, वाळवी त्याला सहसा शिवत नाही. पण त्यात खिळे दडलेले असतात, म्हणून रंधा किंवा मशीन लावण्याआधी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक प्रत्येक तोंडावरून सावकाश फिरवा. सागवानातली वाळूसारखी सिलिका पात्याची धार लवकर घालवते आणि त्यातलं तेल गोंदाला धरू देत नाही. चिकटवण्याच्या जरा आधी सांध्याची तोंडं अॅसिटोनने पुसून घ्यावी लागतात. माझं मत असं, की जुनं सागवान मिळालं तर पायांना वापरा आणि टॉप पाइनचा करा. नवं सागवान बेंचला लावू नये. त्या पैशात लाकूड आणि शेगडा (बेंचला लावायचा, लाकूड जबड्यात आवळून धरणारा व्हाइस) दोन्ही येतील.

आंबा आणि रबरवुड घेताना तोंडावर टाचणीएवढी भोकं आणि त्यांतून पडणारी पिठासारखी भुकटी दिसते का ते पाहा. दिसली तर तो भुंगा आहे, मग कितीही स्वस्त असलं तरी ते लाकूड घरी आणू नका.

वखारीत हिशेब घनफुटात होतो. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला १४४ ने भागा. आपल्या बेंचला लागणारा माल असा:

- टॉपसाठी ३ × २ इंच, सव्वापाच फुटी १३ नग
- पायांसाठी ३ × २ इंच, पावणेतीन फुटी ८ नग
- बाजूच्या आडव्या पट्ट्यांसाठी ४ × २ इंच, २२ इंची ४ नग
- लांब आडव्या पट्ट्यांसाठी ५ × २ इंच, साडेतीन फुटी २ नग

हे सगळं मिळून साधारण पावणेपाच घनफूट होतं. गाठी, चिरा आणि वाकडी टोकं धरून साडेपाच घनफूट घ्या. वखारवाल्याला ‘रंधून ४२ मिमी जाडी हवी’ हे आधीच सांगा. चिरताना करवतीचं पातं खातं ते आणि रंध्यात जातं ते धरून दोन इंची लाकडातून तेवढंच हातात येतं. पुढची सगळी मापं याच हिशेबाने आहेत: तीन इंची लाकूड रंधून ६८ मिमी, चार इंची ९२, पाच इंची ११७.

वाळवणं

घाईत असलेले लोक नेमकी हीच पायरी सोडतात आणि वर्षभराने टॉप बोडक्या छपरासारखा फुगतो. वखारीतलं लाकूड वरून कोरडं वाटलं तरी आत ओल असते. ते घरी आणून भिंतीपासून थोडं दूर, जमिनीवर पट्ट्या टाकून त्यावर रचा. प्रत्येक थरामध्ये एकाच जाडीच्या पट्ट्या एकाखाली एक येतील अशा ठेवा, म्हणजे हवा सगळीकडून खेळेल आणि नग वाकणार नाहीत. टोकांना गोंद किंवा जुना रंग फासा. ओल टोकांतून फार भराभर निघते आणि तिथेच चिरा जातात.

वाळलं की नाही हे कळायला मीटर लागत नाही. एका नगावर खूण करा आणि दर आठवड्याला त्याचं वजन करा. दोन-तीन आठवडे वजन उतरायचं थांबलं, की लाकूड तुमच्या घरच्या हवेशी जुळलं. हे काम फेब्रुवारी ते मे या काळात करावं. पावसाळ्यात कोकण-मुंबईच्या हवेत लाकूड वाळत नाही, उलट ओल पितं.

आधी पाय, मग टॉप

पाय आणि चौकट आधी करा. त्यावर एक प्लाय टाकला की टॉपच्या पट्ट्या रंधायला तात्पुरती जागा तयार होते.

प्रत्येक पाय दोन पट्ट्या चिकटवून होतो. बाहेरची पट्टी अखंड, ७७५ मिमी. आतली पट्टी तुकड्यांची: खाली १०० मिमीचा तुकडा, मग ९२ मिमी मोकळी जागा, मग ४९१ मिमीचा तुकडा आणि सगळ्यात वर पुन्हा ९२ मिमी मोकळी जागा. या दोन मोकळ्या जागांमध्ये बाजूच्या आडव्या पट्ट्या बसतात. पटाशीने खोल भोक कोरण्याचं, कुसू (त्या भोकात शिरणारी लाकडाची जीभ) घासून बसवण्याचं सगळं काम यामुळे वाचतं, आणि सांध्याला गोंद लागणारं तोंड भरपूर मोठं मिळतं. नवशिक्याच्या हाताने कोरलेल्या ढिल्या कुसवापेक्षा हा सांधा जास्त टिकतो.

मोकळ्या जागेचं माप टेपने घेऊ नका. आडव्या पट्टीचाच एक तुकडा मध्ये ठेवा आणि त्याला दोन्हीकडून आतल्या पट्टीचे तुकडे भिडवून चिकटवा. तुकड्याला सेलोटेप गुंडाळा, म्हणजे तो गोंदात अडकणार नाही. गोंद सुकायच्या आत तो काढून घ्या आणि मोकळ्या जागेत ओघळलेला गोंद पटाशीने खरवडून टाका. एकदा कडक झाला की तो काढणं जिकिरीचं होतं.

फेविकॉल एसएच पुरेसा आहे. कोकणात किंवा ओल येणाऱ्या खोलीत मरीन वापरा. दोन्ही तोंडांना पातळ हात द्या, दाबल्यावर सांध्यातून बारीक मण्यांची ओळ बाहेर आली की गोंद बरोबर पडला. क्लॅम्पमध्ये रात्रभर राहू द्या.

पाय सुकले की दोन-दोन पायांमध्ये वर-खाली ५४६ मिमीच्या आडव्या पट्ट्या बसवून बाजूच्या दोन चौकटी तयार करा. गोंद आणि प्रत्येक सांध्याला दोन लांब स्क्रू. क्लॅम्प आवळण्याआधी चौकट गुण्यात (काटकोनात) आहे का पाहा. छोट्या गुण्यावर विसंबू नका, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे भरले तरच चौकट काटकोनात आहे. फरक असेल तर लांब कर्णाच्या दिशेने क्लॅम्प किंचित तिरका लावून ओढा.

दोन चौकटी जोडणाऱ्या लांब पट्ट्या ९८२ मिमीच्या. त्या खालच्या आडव्या पट्टीच्या जरा वर येतील अशा ठेवा, म्हणजे बोल्ट पायाच्या दोन्ही थरांतून जातो आणि सांध्याच्या स्क्रूंना लागत नाही. त्यांना गोंद लावायचा नाही. प्रत्येक टोकाला दोन, असे १० मिमी जाडीचे १६० मिमी लांब आठ बोल्ट. पायाच्या बाहेरून आरपार भोक पाडा आणि ते लांब पट्टीच्या टोकात पुढे न्या. पट्टीच्या आतल्या बाजूने टोकापासून ६० मिमीवर पटाशीने ३५ मिमी लांबीचा खड्डा करा, त्यात वॉशर आणि नट बसतो. भोक सरळ जाण्यासाठी आधी पायातून पाडा, मग सगळं क्लॅम्पने जागेवर धरून पायातल्या भोकालाच वाट मानून पट्टीत उतरा. पहिल्या पावसाळ्यानंतर आणि पुढच्या उन्हाळ्यात हे नट एकदा पान्याने आवळायचे. बोल्टचा फायदा हाच.

टॉप

तेरा पट्ट्या कडेवर उभ्या करून एकमेकींना चिकटवल्या की ५४६ मिमी रुंद आणि जवळपास ६८ मिमी जाड टॉप तयार होतो. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

आधी प्रत्येक पट्टीची रेषा वाचा. कडेकडून पाहिलं की लाकडाच्या रेषा कुठल्या तरी टोकाकडे चढत जाताना दिसतात. रंधा त्या चढाच्या दिशेने चालला की गुळगुळीत सालपटं निघतात, उलट चालला की लाकूड उचकटतं. प्रत्येक पट्टीवर पेन्सिलने बाण काढा आणि सगळे बाण एकाच दिशेला ठेवा. पुस्तकी सल्ला असा असतो, की टोकावरच्या वर्तुळांची दिशा आलटून पालटून ठेवा. इतक्या अरुंद पट्ट्यांत त्याने फारसं काही बदलत नाही. रंध्याची दिशा मात्र बेंच वापरात असेपर्यंत जाणवते, कारण टॉप पुन्हा पुन्हा रंधावा लागणार आहे. गाठी खालच्या बाजूला जातील असं पाहा. पुढच्या कडेला सगळ्यात सरळ आणि स्वच्छ पट्टी ठेवा.

तेराही पट्ट्या एकदम चिकटवायला जाऊ नका. गोंद ओला असताना इतक्या पट्ट्या हातात राहत नाहीत, घसरतात. चार, चार आणि पाच असे तीन गठ्ठे करा. एकेक गठ्ठा जेमतेम आठ इंचांचा होतो, त्यामुळे तो जवळच्या फर्निचरवाल्याच्या रंधा मशीनमधून सहज जातो. तिन्ही गठ्ठे तिथे एकाच जाडीला आणून घ्या, ६५ मिमीला. मग घरी फक्त दोन सांधे जुळवायचे उरतात.

क्लॅम्प कमी असतील तर पाचरींनी काम भागतं. जाड प्लायवर दोन मजबूत ठोकळे समोरासमोर स्क्रूने पक्के करा, त्यांच्यामध्ये गठ्ठा ठेवा आणि उरलेल्या फटीत एकमेकींसमोर दोन-दोन पाचरी ठोका. दर फुटाला एक जोडी. पाचरीचा दाब कमी नसतो. प्लाय आणि गठ्ठ्यामध्ये जुना वर्तमानपत्राचा कागद घाला.

पहिल्या गठ्ठ्यात एक जागा मोकळी सोडायची आहे. समोरच्या कडेपासून तिसरी पट्टी दोन तुकड्यांत घ्या: डाव्या टोकाला ५० मिमीचा तुकडा, मग ४५ मिमी मोकळी जागा, मग उरलेली पट्टी. टॉपला आपोआप चौकोनी आरपार भोक पडतं. त्यात २०० मिमी लांबीचा कठीण लाकडाचा ठोकळा घट्ट बसेल असा करा. बाभळीचा मिळाला तर छान. मोगरीने खालून ठोकला की वर येतो, वरून ठोकला की खाली जातो. फळी याला टेकवायची आणि रंधा मारायचा. बेंचवरचं निम्मं काम हा एकटा ठोकळा करतो.

टॉप बसवणं आणि सपाट करणं

टॉप चौकटीवर ठेवताना डावीकडे ३०० मिमी बाहेर राहू द्या, उजवीकडे फक्त ५०. डावीकडची जागा शेगड्याची आहे. डावखुऱ्यांनी सगळं उलट करावं. टॉपची पुढची कड आणि पुढच्या पायांचं तोंड एकाच पातळीत हवं. लांब फळी कडेवर उभी करून रंधताना ती पायालाही टेकते, म्हणून उजव्या पुढच्या पायात दर १०० मिमीवर १९ मिमीची भोकं पाडा आणि त्यात खुंटी घाला. फळीचं दुसरं टोक त्या खुंटीवर बसतं.

वरच्या आडव्या पट्ट्यांमधून खालून १० मिमी जाडीचे १२५ मिमी लांब कोच स्क्रू (पान्याने फिरवायचे जाड स्क्रू) मारून टॉप धरायचा. प्रत्येक पट्टीत पुढे एक, मागे एक. पुढचं भोक नेमकं, मागचं भोक पुढे-मागे लांबट करा. पाइनचा हा टॉप उन्हाळा आणि पावसाळा यांच्यात रुंदीला चार-सहा मिलिमीटर हलतो. त्याला मागच्या बाजूने सरकायला जागा दिली तर पुढची कड जागेवर राहते. दोन्हीकडून जखडला तर कुठेतरी फुटणारच.

आता सपाटी. दोन सरळ अॅल्युमिनियमचे अँगल घ्या, एक टॉपच्या डाव्या टोकाला आडवा, दुसरा उजव्या टोकाला. एका टोकाला खाली वाकून दोन्हींच्या वरच्या कडा एका रेषेत येतात का ते पाहा. एक बाजू वर दिसली तर टॉपला पीळ आहे आणि तो तिथूनच उतरवायचा. लोखंडी जॅक रंधा, नंबर ५, यासाठी योग्य. पातं थोडं जास्त बाहेर काढून आधी आडवा मारा, म्हणजे रेषेला काटकोनात. लाकूड भराभर निघतं. पण मागच्या कडेला तुकडे उडतात, म्हणून ती कड आधीच थोडी उतरती रंधून घ्या. मग तिरका, दोन्ही दिशांनी. शेवटी पातं आत घेऊन बाणांच्या दिशेने लांब. मधूनमधून पेन्सिलने टॉपभर नागमोडी रेघा ओढा. ज्या रेघा रंध्याने पुसल्या नाहीत तिथे खड्डा आहे. आरशासारखी सपाटी गरजेची नाही, सरळ पट्टी ठेवल्यावर खालून कागद सरकणार नाही एवढी पुरे.

शेगडा

टॉपच्या भोकातला ठोकळा आणि डावा पाय यांच्या मधल्या जागेत सुतारकामाचा ७ इंची शेगडा बसवा. त्याचा आतला लोखंडी जबडा टॉपच्या पुढच्या कडेच्या बाहेर यायला नको, कडेत तेवढी खाच पटाशीने कोरा. जबड्याचा वरचा काठ टॉपच्या किमान १२ मिमी खाली हवा, नाहीतर एक दिवस रंध्याची धार त्यावर जाईल. त्यासाठी टॉपखाली योग्य जाडीचा ठोकळा लावून मग बोल्ट करा. दोन्ही जबड्यांना लाकडी अस्तर लावा. खर्च एकदम झेपत नसेल तर शेगडा काही महिन्यांनी घेतला तरी चालतो. ठोकळा, खुंट्या आणि चार साधे क्लॅम्प यांवर बराच काळ उत्तम काम होतं. त्यामुळे पैसे लाकडावर आणि जाडीवर आधी खर्च करा.

टॉपला समोरच्या कडेपासून १०० मिमी आत, दर १५० मिमीवर १९ मिमीची भोकं पाडली तर त्यात होल्डफास्ट (भोकात ठोकून अडकवायचा वाकडा लोखंडी गज) घालून कुठेही लाकूड दाबता येतं. भोक खाली आडव्या पट्टीवर येत नाही हे आधी पाहून घ्या.

वजन आणि शेजार

हा बेंच चाळीस-पंचेचाळीस किलो भरतो आणि रंध्याच्या जोरापुढे तो सरकू शकतो. लांब पट्ट्यांना आतून बारीक पट्ट्या मारून त्यांवर प्लाय टाका आणि खाली वाळूच्या दोन पिशव्या ठेवा. किंवा मागचे पाय भिंतीला अँगलने धरा. फरशी ओल्या फडक्याने रोज पुसली जाते, म्हणून पायांच्या तळांना तेल पाजून खाली रबराचे जाड तुकडे लावा. पायाचं टोक पाणी शोषतं आणि पाय खालून कुजायला लागतो. रबरामुळे खालच्या मजल्यावर आवाजही कमी जातो. मोगरीचं काम नेहमी पायाच्या बरोबर वर करा, टॉपच्या मध्यावर ठोकलं तर दणका जास्त आणि काम कमी होतं.

तेल

मेलामाइन किंवा चकचकीत पॉलिश टॉपला नको, त्यावर लाकूड घसरतं. रंगाच्या दुकानात मिळणारं डबल बॉइल्ड जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं मिसळून फडक्याने लावा, पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसून घ्या. असे दोन-तीन हात, मधे एकेक दिवस. टॉपच्या खालच्या बाजूलाही तेवढेच हात द्या, एकाच बाजूने ओल प्याला की टॉप वाकतो.

तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि गोळा झालेलं फडकं आपोआप पेटू शकतं. ती बाहेर दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. घरात लहान मुलं असतील तर हे आधी करा, हात नंतर धुवा.

पहिला पावसाळा गेल्यावर, दिवाळीच्या सुमारास, अँगल घेऊन टॉपचा पीळ पुन्हा तपासा, बोल्ट आवळा आणि लागेल तेवढा रंधा मारून पुन्हा तेलाचा एक हात द्या. रुंदीतली ये-जा दरवर्षी चालूच राहते, पण दुसऱ्या वर्षापासून टॉप फारसा पिळत नाही.